जन्माआधीचे अस्तर : अन्ननलिका आणि जठर यांविषयी वाचकांचे प्रश्न

मागील अंकातील आम्लपित्तावरच्या लेखात अन्ननलिका आणि जठर यांच्या आतील अस्तराचा उल्लेख ओझरता आला होता. त्यावर मराठवाड्यातून बरीच पत्रे आली आणि बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीवर होता : हे अस्तर गर्भात कसे तयार होते, आणि त्यात काही राहून गेले तर पुढे काय होते. त्यांतील पाच पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. वाचण्यापूर्वी एक खुलासा आवश्यक आहे. गर्भशास्त्र गर्भधारणेच्या दिवसापासून आठवडे मोजते, तर सोनोग्राफीचा अहवाल शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतो, त्यामुळे दोहोंत साधारण दोन आठवड्यांचे अंतर पडते. वेगळे सांगितलेले नसेल तेथे पुढील आठवडे गर्भधारणेपासूनचे समजावेत.

प्रश्न : मी लातूरमध्ये नीटची तयारी करते. अन्ननलिकेचे अस्तर स्तरित पट्टकी पेशींचे (चपट्या पेशींचे अनेक थर) आणि जठराचे एकेरी स्तंभीय पेशींचे (उभ्या खांबासारख्या पेशींचा एकच थर), एवढे पाठ आहे. पण दोन्ही अवयव एकाच नळीपासून तयार होतात, मग अस्तरात हा फरक केव्हा आणि कशामुळे पडतो? (एक विद्यार्थिनी, लातूर)

तुझा प्रश्न परीक्षेत येण्याची शक्यता कमी आहे, पण तो अभ्यासक्रमातील अर्ध्या पाठांतरापेक्षा मोलाचा आहे. पाठ्यपुस्तकातील तक्ता पूर्ण तयार झालेले शरीर दाखवतो. त्यामुळे अन्ननलिकेचे अस्तर पहिल्यापासून तसेच असणार, असा समज होतो. प्रत्यक्षात जन्मापूर्वी ते अस्तर किमान तीन वेळा आपले रूप पालटते.

चौथ्या आठवड्यात चपटा गर्भ दुमडू लागतो आणि त्याचा सर्वांत आतला थर, म्हणजे अंतःस्तर, नळीच्या आकारात आत घेतला जातो. या नळीच्या पुढच्या भागापासून अन्ननलिका आणि जठर तर होतातच, शिवाय श्वासनलिका, फुप्फुसे, यकृत आणि स्वादुपिंड यांचेही अंकुर याच भागातून फुटतात. अस्तराच्या पेशी आणि त्यांच्या ग्रंथी अंतःस्तरापासून येतात, तर त्याभोवतीचे स्नायू, रक्तवाहिन्या आणि संयोजी ऊती मध्यस्तरापासून, म्हणजे गर्भाच्या मधल्या थरापासून. भिंतीतील चेतापेशी मात्र मानेकडील भागातून स्थलांतर करत येतात आणि सातव्या आठवड्याच्या सुमारास आतड्याच्या शेवटच्या टोकापर्यंत पोहोचतात. म्हणजे जठराची भिंत हातात धरली, तर तिच्या दोन-चार मिलिमीटर जाडीत तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेल्या पेशी असतात.

आता फरक कशामुळे पडतो ते पाहू. अंतःस्तराच्या पेशींमध्ये जागेनुसार वेगवेगळी जनुके कार्यरत होतात. अन्ननलिका आणि जठराच्या पट्ट्यात सॉक्स-२ हे जनुक ठळकपणे चालू असते. त्याच नळीच्या पुढील बाजूला, जेथे श्वासनलिका होणार असते, तेथे एनकेएक्स २-१ चालू होते. आणि खाली आतड्याच्या हद्दीत सीडीएक्स-२. पण अस्तराच्या पेशी हा निर्णय एकट्याने घेत नाहीत. भोवतालच्या मध्यस्तराच्या पेशी त्यांना सतत रासायनिक संकेत पाठवत असतात. कोंबडीच्या गर्भावरील प्रयोगांत हे फार स्वच्छ दिसले आहे. कोंबडीच्या जठराचे दोन भाग असतात, पहिला पाचकरस स्रवणारा आणि दुसरा दाणे भरडणारा स्नायुमय. भरडणाऱ्या भागाचे कोवळे अस्तर सोलून त्याला पहिल्या भागाच्या मध्यस्तराची जोड दिली, तेव्हा त्या अस्तरात पाचकरसाच्या ग्रंथी तयार झाल्या. अलीकडे माणसाच्या मूलपेशींना हेच संकेत त्याच क्रमाने देऊन अमेरिकेतील सिनसिनाटी येथील संशोधकांनी 2014 साली प्रयोगशाळेत जठराच्या आणि 2018 साली अन्ननलिकेच्या ऊतींचे सूक्ष्म गोळे वाढवून दाखवले.

अन्ननलिकेचा क्रम असा आहे. प्रारंभी तिचे अस्तर साध्या स्तंभीय पेशींचे असते. सातव्या-आठव्या आठवड्यात या पेशी इतक्या वेगाने वाढतात की नळीची पोकळी बहुतांशी भरून जाते; मग त्या गर्दीत लहान लहान पोकळ्या पडतात, त्या एकमेकींना मिळतात आणि मार्ग पुन्हा मोकळा होतो. त्यानंतर, दहाव्या आठवड्याच्या सुमारास, नळीच्या मधल्या भागात रोमक पेशी, म्हणजे बारीक केसांसारखे रोम असलेल्या पेशी, दिसू लागतात आणि त्या वर-खाली पसरतात. चार महिन्यांच्या गर्भाच्या अन्ननलिकेचा काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर नवखा विद्यार्थी त्याला हमखास श्वासनलिका म्हणतो. गुलाबी-जांभळ्या पट्टीच्या काठावर बारीक रोमांची रांग उभी असते, आणि असे रोम आपण फक्त श्वसनमार्गात शिकलेलो असतो. विद्यार्थ्यांची ही चूक मला नेहमीच समजण्यासारखी वाटली आहे, कारण दोन्ही नळ्या काही आठवड्यांपूर्वीपर्यंत एकच होत्या. चौथ्या-पाचव्या महिन्यापासून स्तरित पट्टकी पेशी पुन्हा मधल्या भागातूनच सुरुवात करून रोमक पेशींची जागा घेऊ लागतात. या शेवटच्या बदलासाठी पी-६३ हे प्रथिन लागते. ज्या उंदरांच्या गर्भात ते नसते, त्यांची अन्ननलिका रोमक स्तंभीय पेशींचीच राहते.

जठराचे अस्तर मात्र स्तंभीयच राहते आणि पाचकरसाच्या ग्रंथी घडवण्यात आपली शक्ती खर्च करते. सहाव्या ते नवव्या आठवड्यांच्या दरम्यान अस्तरात बारीक खळगे पडतात, त्या खळग्यांच्या तळातून ग्रंथी खोल जाऊ लागतात, अकराव्या आठवड्याच्या सुमारास आम्ल तयार करणाऱ्या पेशी ओळखू येतात आणि त्यापाठोपाठ पेप्सिन या प्रथिने पचवणाऱ्या रसायनाचे पूर्वरूप बनवणाऱ्या पेशी. याच काळात जठर स्वतःच्या उभ्या अक्षाभोवती नव्वद अंशांत फिरते, म्हणून मेंदूतून जठराकडे येणाऱ्या व्हेगस चेतांपैकी डावी पुढे आणि उजवी मागे जाते. हा भाग मात्र नीटसाठीही लक्षात ठेव.

प्रश्न : मला पाचवा महिना चालू आहे. सोनोग्राफीत डॉक्टरांनी बाळाचे पोट म्हणून एक काळा ठिपका दाखवला. सासूबाई म्हणतात की मी ठेचा खाल्ला तर बाळाच्या पोटाची आग होईल, आणि मला जळजळ होते त्याअर्थी बाळाला केस भरपूर येत आहेत. यात तथ्य किती? (एक वाचक भगिनी, जिंतूर तालुका, जि. परभणी)

ताई, तो काळा ठिपका म्हणजे बाळाच्या जठरात साचलेले गर्भजल. सोनोग्राफीत पाणी काळे दिसते. पाळीपासून मोजलेल्या बाराव्या आठवड्याच्या सुमारास बाळ गर्भजल गिळू लागते आणि दिवस भरत येतात तसे ते रोज अर्धा लिटर किंवा त्याहूनही अधिक गिळते. ठिपका पोटाच्या वरच्या डाव्या बाजूस, योग्य जागी दिसला, याचा अर्थ गिळलेले पाणी अन्ननलिकेतून जठरात उतरत आहे. पाचव्या महिन्यातील तपासणीत डॉक्टर तो मुद्दाम शोधतात.

आग होण्याविषयी सांगायचे तर आम्ल बनवणाऱ्या पेशी बाळाच्या जठरात आधीच तयार असल्या तरी जन्मापर्यंत त्यांचे काम अगदी मंद असते, आणि गिळलेले गर्भजल जठरातील द्रवाला जवळजवळ उदासीन ठेवते. जन्मानंतर काही तासांतच आम्लता वाढू लागते आणि पहिल्या एक-दोन दिवसांत ती बरीच चढते. तुम्ही खाल्लेल्या मिरचीचा तिखटपणा तुमच्या पचनमार्गातून, रक्तातून आणि वारेतून जाऊन बाळाच्या जठराला चटका देईल, असे होत नाही. चवीचे आणि वासाचे काही अंश मात्र गर्भजलात उतरतात. आईने लसूण खाल्ल्यावर गर्भजलाला त्याचा वास येतो, हे तपासून पाहिलेले आहे. तेव्हा तुमच्या घरच्या येसर आमटीची ओळख बाळाला भाकरीच्या वयाआधीच होत असेल, तर त्यात नवल नाही.

जळजळ तुमची आहे, बाळाची नव्हे. प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे अन्ननलिका आणि जठर यांच्यामधील झडपेसारखा स्नायू सैलावतो, वाढते गर्भाशय खालून दाब देते आणि आम्ल वर येते. तुमच्या अन्ननलिकेच्या पट्टकी अस्तराला आम्लाची सवय नसते, म्हणून छातीत आग होते. ठेचा बाळासाठी नव्हे, स्वतःसाठी कमी करावा. एका वेळी पोटभर न जेवता थोडे थोडे खावे, रात्रीचे जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचे अंतर ठेवावे आणि डाव्या कुशीवर झोपावे. एवढ्याने आराम पडला नाही, तर औषध डॉक्टरांना विचारूनच घ्यावे.

केसांच्या बाबतीत सासूबाईंना सरळ खोडून काढणे कठीण आहे. अमेरिकेत 2006 साली प्रसिद्ध झालेल्या 64 गर्भवतींच्या एका छोट्या अभ्यासात ज्यांना जळजळ अधिक त्यांच्या बाळांना केसही अधिक, असे खरोखरच आढळले होते. संशोधकांना अर्थातच आधी ही समजूत खोटी ठरेल असे वाटले होते. दोन्हींच्या मुळाशी गरोदरपणातील संप्रेरके असावीत, असा त्यांचा तर्क होता. मात्र एवढ्या लहान अभ्यासावरून झबल्यासोबत कंगवा घेऊन ठेवण्याची घाई करू नये.

प्रश्न : माझ्या नातवाला जन्मतःच तोंडातून फेस येत होता. अन्ननलिका जोडलेली नाही असे निदान होऊन दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. आता तो तीन वर्षांचा आहे, पण त्याचा खोकला घोगरा, भुंकल्यासारखा येतो आणि भाकरी घशाखाली अडकते. नात्यातील मंडळी अजून सुनेलाच बोल लावतात की तिने ग्रहण पाळले नाही. सोनोग्राफीतही काही दिसले नव्हते. हे कशामुळे झाले? (एक निवृत्त शिक्षक, जि. बीड)

गुरुजी, प्रथम बोल लावणाऱ्या मंडळींसाठी. पहिल्या उत्तरात सांगितल्याप्रमाणे अन्ननलिका आणि श्वासनलिका प्रारंभी एकच नळी असते. चौथ्या आठवड्यात या नळीच्या पुढच्या बाजूने फुप्फुसाचा अंकुर फुटतो आणि मग दोहोंमध्ये पडदा तयार होऊन पुढची श्वासनलिका व मागची अन्ननलिका वेगळी होते. ही विभागणी बिघडली की अन्ननलिकेचा वरचा भाग आंधळ्या पिशवीसारखा संपतो आणि बहुतेक मुलांमध्ये, म्हणजे सुमारे 85 टक्क्यांत, खालचा भाग श्वासनलिकेला जोडलेला राहतो. हे सारे घडते तेव्हा पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. अनेक स्त्रियांना त्या वेळी आपल्याला दिवस गेले आहेत याची खात्रीही झालेली नसते. ग्रहणात विळीला हात लावल्याने किंवा न लावल्याने त्या पडद्याचे काहीही होत नाही. सुमारे तीन ते चार हजार जन्मांमागे एका बाळात हा दोष आढळतो, आणि बहुतांश वेळा त्याचे एकच एक कारण दाखवता येत नाही. आपण शिक्षक आहात. सुनेच्या बाजूने हे चारचौघांत आपणच सांगितले, तर ते अधिक ऐकले जाईल.

सोनोग्राफीत न दिसण्याचे कारणही याच रचनेत आहे. खालचा भाग श्वासनलिकेला जोडलेला असल्याने गर्भजल त्या वाटेने जठरात पोहोचते आणि जठराचा काळा ठिपका दिसतो. अन्ननलिका पूर्ण तुटलेली आणि खाली कोठेही न जोडलेली असेल, तर ठिपका दिसत नाही आणि बाळ पाणी गिळू न शकल्याने गर्भजल वाढते. आपल्या नातवाच्या बाबतीत पहिली खूण जन्मानंतरच मिळाली, ती म्हणजे फेस. लाळ गिळता येत नाही, म्हणून ती तोंडाशी साचते. अशा बाळाला दूध पाजले तर ठसका लागतो आणि ओठ निळे पडतात. नाकातून किंवा तोंडातून घातलेली नळी दहा सेंटिमीटरच्या आसपास अडते, आणि एक्स-रेमध्ये ती वरच्या पिशवीत वळलेली दिसते. ज्या गावातून जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचायलाच दोन तास लागतात, तेथे प्रसूती करणाऱ्या परिचारिकेला ही एक खूण ठाऊक असणे फार महत्त्वाचे आहे : फेस येणाऱ्या नवजात बाळाला काहीही पाजू नये आणि डोके थोडे उंच ठेवून त्वरित पुढे पाठवावे. ही शस्त्रक्रिया एकाच टप्प्यात प्रथम यशस्वी झाली ती 1941 साली, अमेरिकेतील ॲन आर्बर येथे कॅमेरॉन हाइट यांच्या हातून. त्याआधी असे मूल वाचणे जवळपास अशक्य होते.

आता खोकला आणि अडकणारी भाकरी. अन्ननलिका शिवून जोडली तरी तिच्या भिंतीतील चेतांचे जाळे आणि शेजारच्या श्वासनलिकेच्या कूर्चा काही प्रमाणात दुबळ्या राहतात. श्वासनलिका मऊ असल्याने खोकला भुंकल्यासारखा येतो. वय वाढते तसा तो सामान्यतः कमी होतो. खालच्या तुकड्यात कधी कधी रोमक पेशी, श्वसनमार्गासारख्या ग्रंथी किंवा कूर्चेचे अवशेषही आढळतात, म्हणजे विभागणी अर्धवट राहिल्याचा पुरावा तेथेच मिळतो. अन्ननलिकेची हालचाल मंद असल्याने घास उतरायला वेळ लागतो, म्हणून ज्वारीची भाकरी कोरडी न देता दुधात किंवा वरणात चांगली कुस्करून द्यावी, घास लहान असावा आणि मध्ये पाणी पाजावे. अडकणे वाढले, वजन वाढेनासे झाले किंवा वारंवार छातीचा संसर्ग होऊ लागला, तर बालशल्यचिकित्सकांना दाखवावे; जोडाच्या जागी अरुंदपणा आला असल्यास तो दुर्बिणीतून रुंद करता येतो. या मुलांमध्ये आम्ल वर येण्याचे प्रमाण पुढेही अधिक राहते, त्यामुळे मुलगा मोठा झाला तरी त्याची तपासणी सोडू नये.

प्रश्न : माझे वय 58 आहे. एन्डोस्कोपीच्या अहवालात अन्ननलिकेच्या वरच्या टोकाला "इनलेट पॅच" आणि जठरासारखे अस्तर असल्याचे लिहिले आहे. माझ्या मेहुण्याला "बॅरेट" म्हणून दर काही वर्षांनी तपासणी करावी लागते. दोन्ही एकच का? (एक वाचक, नांदेड)

एकच नाहीत, जरी दोन्हींत अन्ननलिकेच्या पट्टकी अस्तराच्या जागी स्तंभीय अस्तर दिसते. पहिल्या उत्तरात सांगितलेला क्रम आठवावा : पट्टकी पेशी मधल्या भागातून सुरू होऊन वर-खाली पसरतात आणि वरच्या टोकाला सर्वांत शेवटी पोहोचतात. जन्माच्या वेळीही तेथे रोमक पेशींचे काही ठिपके शिल्लक असू शकतात. वाकळेवर नवे कापड शिवताना एखाद्या कोपऱ्यात जुने उघडे राहावे, तसा स्तंभीय अस्तराचा एखादा तुकडा तेथे कायम राहिला, तर तो पुढे जठराच्या अस्तराचे रूप घेतो, असे मानले जाते. आपला इनलेट पॅच हा असा जन्मापासूनचा तुकडा असावा. तो बहुधा निरुपद्रवी असतो. क्वचित त्यातील पेशी थोडे आम्ल स्रवतात आणि घशात काही अडकल्यासारखे वाटते. तसे होत असेल तर डॉक्टरांना सांगावे.

आपल्या मेहुण्यांचा दोष अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला असतो आणि तो जन्मजात नसतो. वर्षानुवर्षे आम्ल वर येऊन पट्टकी अस्तर झिजते आणि त्या जागी आतड्यासारखे स्तंभीय अस्तर येते. त्यात पुढे कर्करोगाचा धोका थोडा वाढतो, म्हणून ती ठराविक तपासणी. गंमत अशी की ज्यांच्या नावाने हा विकार ओळखला जातो, त्या नॉर्मन बॅरेट यांनी 1950 साली याचे वेगळेच निदान केले होते. त्यांच्या मते अन्ननलिका जन्मतःच आखूड राहिल्याने जठर छातीत वर ओढले गेले होते. 1953 साली ॲलिसन आणि जॉनस्टोन यांनी तो भाग अन्ननलिकाच असून फक्त अस्तर बदललेले आहे असे दाखवले, आणि 1957 मध्ये बॅरेट यांनीही ते मान्य केले. नाव मात्र त्यांचेच टिकले.

प्रश्न : माझी नात बत्तीसाव्या आठवड्यात जन्मली. तिला नळीने दूध देतात. पोट कच्चे आहे म्हणून घरची मंडळी मध आणि घुटी चाटवायला सांगतात. द्यावी का? (एक आजी, धाराशिव)

देऊ नये. येथे आठवडे पाळीपासूनचे आहेत; या वयाला तुमच्या नातीच्या जठरातील खळगे, ग्रंथी आणि आम्लाच्या पेशी तयार झालेल्या असतात. कच्चे असते ते चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचे एकमेकांशी जुळणे, जे साधारण चौतिसाव्या आठवड्याच्या सुमारास जमू लागते. म्हणून नळी. आतड्याचे संरक्षणही अजून पुरते पक्के झालेले नसते, आणि त्याला आईच्या दुधाचा, विशेषतः पहिल्या चिकाचा, मोठा आधार असतो, कारण त्यात अस्तराच्या पेशींच्या वाढीला मदत करणारे घटक आणि जंतूंशी लढणारी प्रथिने असतात. आईने दूध काढून द्यावे आणि ते थोडे थोडे नळीने जाऊ द्यावे. मधात बॉट्युलिझम या गंभीर विषबाधेचे जंतू असू शकतात, त्यामुळे पूर्ण दिवसांच्या बाळालाही वर्षाच्या आत मध चाटवू नये. घुटी उगाळण्याची सहाण आणि पाणी यांतून जंतुसंसर्ग होतो तो वेगळाच. सुनेला दूध कमी येत असेल, तर मधाची बाटली बाजूला ठेवून, त्या विभागातील परिचारिकेला दूध काढण्याची पद्धत पुन्हा एकदा दाखवायला सांगावे.